मास्तरांनी आत्याला सही शिकवली

माझ्या चुलतभावाच्या नातवाने आमच्या कुळाचा इतिहास छापायला काढला आहे. मुलगा गुणी आहे, पण एकदा मागे लागला की सोडत नाही. "आजी, मास्तरांवर तूच लिही. तू त्यांची सख्खी मुलगी." मी म्हटलं, बाकीच्यांनी काय लिहिलंय ते आधी वाचून दाखव. त्याने फोनवर वाचलं. पाच जणांनी लिहिलंय, आणि पाचही जणांनी एकमेकांच्या पाटीत डोकावून उतरवून काढल्यासारखं. निर्मोही, निगर्वी, ज्ञानाचा दिवा, गावाचा आधारवड. अरे, माणूस होता की देवळाचा कळस? माझं डोकंच सणकलं. आणि त्यातल्या आत्याबद्दलच्या दोन ओळी ऐकल्यावर तर मी फोनच ठेवून दिला. दोन दिवसांनी मीच त्याला फोन करून सांगितलं, लिहिते, पण एक अक्षर गाळायचं नाही. गाळायचं असेल तर मुळीच छापू नको.

आता आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी संशयी बाई आहे. भाजीवाल्याचा काटा मी बोटाने हलवून पाहते. डॉक्टरने गोळी दिली तर पाकिटावरचं सगळं वाचल्याशिवाय तोंडात टाकत नाही. सुना हसतात, हसू देत. कोणी फार गोड बोलायला लागलं की माझ्या मनात येतं, दाल में कुछ काला है. हा स्वभाव मी जन्मतः आणला असेल, पण त्याला धार आली ती मी चौथीत असताना. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता आणि शाळेतला नकाशा एका रात्रीत खोटा ठरला होता. बाबांनी त्याच्यावर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर नवं नाव लिहिलं. मी खाली जुनं नाव दिसतं का ते नखाने खरवडून पाहिलं आणि मार खाल्ला.

बाबा म्हणजेच मास्तर. देवळीहून दोन कोसांवर आमचं गाव. जनपद सभेची सरकारी शाळा, दोन खोल्या, चार वर्ग, मास्तर एकटे. हातात निंबाची ओली फोक. इतरांना एक बसली तर मला दोन, कारण स्वतःच्या मुलीला सूट देतो असं कोणी म्हणायला नको. पाढा चुकला तर एक वेळ चालायचं. पण मोठ्यांच्या गोष्टीत लहान तोंड घातलं, की मग फोक मोडेपर्यंत. एकदा मी मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच बोलले, त्याचे वळ चार दिवस तळहातावर होते. आत्याने हळद-तेल लावलं आणि स्वतःच रडली.

चातुर्मासात बाबा मारोतीच्या देवळात पोथी सांगत. दिवेलागणीला बसत, तासाभरात उठत. ते काही महाराज नव्हते, गळ्यात माळ नाही, कपाळाला टिळा नाही. कोणी नारळ पुढे केला तर देवापुढे ठेवायला सांगत. पण बोलायला लागले की बैल सोडायचे राहिले तरी लोक उठत नसत. पोथीतली ओवी वाचायची आणि अर्थ सांगायचा तो धुऱ्याचा, नांगराचा, सासवा-सुनांचा. आजूबाजूच्या गावांहून दमण्या, म्हणजे हलक्या बैलगाड्या, जोडून माणसं यायची. आणि हाच माणूस घरी आला की मुका. पाणी पाहिजे तर गडव्याकडे बोट. भाजी खारट तर ताट थोडं सरकवायचं. गावाला तासभर आणि घराला एक शब्द नाही! "लोकासांगे ब्रह्मज्ञान..." एवढं म्हणून मोठी आई थांबायची. म्हणीचा दुसरा भाग ती गिळायची, कारण दीर ऐकतोय की काय याची खात्री नसायची.

मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. चूल तिच्या ताब्यात, आणि वावर मोठ्या बाबांच्या ताब्यात. जमिनीची वाटणी आजोबांनीच करून ठेवली होती, बाबांच्या नावावर आठ एकर होते, पण ते आपल्या वावरात कधी पाय ठेवत नसत. सगळं मोठे बाबाच कसत. माझी आई गरीब गाय. आम्ही तीन भावंडं. आणि आत्या.

आत्या या दोघा भावांची धाकटी बहीण. अल्लीपूरकडे दिली होती. एकोणिसाव्या वर्षी कुंकू गेलं, आणि एक टिनाची पेटी घेऊन माहेरी परत आली ती आलीच. पंधरा वर्षं ती या घरात राबत होती. पहाटेचं शेण तिचं, दळण तिचं, कापूस निघाला की वेचायला सगळ्यांच्या आधी ती. बोंडांच्या टोकांनी तिच्या बोटांना बारीक चिरा पडलेल्या असत. जेवायला मात्र सगळ्यांच्या मागून. आणि मोठी आई विचारायची, "तिसरी भाकर घेतली का वं बाई?" अगदी साध्या आवाजात विचारायची. आत्या तिसरी ठेवून द्यायची.

एकदा वावरात आम्ही दोघी सावलीला बसलो असताना ती म्हणाली, "पोरी, माह्यं सोताचं एक एकर जरी असतं ना, तं मी कोनाले माह्या भाकरी मोजू नसत्या देल्या." तेवढंच. आयुष्यात तिने दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तर त्या श्रावणात एका रविवारी दुपारी बाबांनी शाळेतली एक पाटी घरी आणली आणि आत्याच्या पुढे ठेवली. मागच्या आंगणात, निंबाखाली. पाटीवर तिचं नाव लिहिलेलं, चार अक्षरं, ठळक. म्हणाले, "हे गिरव." आत्या लाजून पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आता या वयात मले मास्तरीन करतं का दादा?" बाबा हसले नाहीत. "गिरव," म्हणाले आणि ओसरीवर जाऊन बसले.

दर रविवारी हेच. आत्याच्या हातात पेन्सिल टिकायची नाही, कटकन मोडायची. नांगराच्या मुठीसारखी धरायची ती पेन्सिल. पण बाईने चिकाटी सोडली नाही. चुलीपुढच्या राखेत बोटाने नाव काढायची. गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने काढायची. दिवाळीपर्यंत तिला नाव यायला लागलं. पहिलं अक्षर मोठं, शेवटचं लहान, रेघ वाकडी, पण नाव वाचता येत होतं. मला बोलावून दाखवायची, "पाह्य, मी हाव का हे?" मी म्हणायची, "तूच हाय." तिला काय आनंद व्हायचा!

गावात नाव झालं. मास्तर विधवा बहिणीला शिकवून राह्यले म्हणे. कुळाच्या इतिहासातही ते आलंय, 'स्त्रीशिक्षणाचे आद्य पुरस्कर्ते'. पण माझ्या डोक्यात किडा शिरला होता. मी त्याच मास्तरांच्या हाताखाली शिकत होते ना! आम्हाला त्यांनी ग म भ न वर सहा महिने घासलं होतं. एकेक अक्षर पन्नास वेळा. मग काना, मग मात्रा. आणि आत्याला एकदम नाव? अ नाही, आ नाही, ग म भ न नाही. चार अक्षरं सोडून पाचवं अक्षर त्यांनी तिला दाखवलंच नाही. मी एकदा पाटीवर 'कमळ' लिहून तिला विचारलं, हे काय? तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हे माह्यं नाव नाई." म्हणजे तिला वाचता येत नव्हतं. तिला फक्त आपल्या नावाचं चित्र काढता येत होतं.

असं कोण शिकवतं? कशाला शिकवतं?

विहिरीवर शेजारची बुढी होती. तिला गावातलं सगळं ठाऊक असायचं आणि जे ठाऊक नसायचं तेही ती ठामपणे सांगायची. मी घागर भरत होते. ती दुसऱ्या बाईला सांगत होती, पण आवाज माझ्यासाठीच चढवलेला. "आता पोरीईले बी बापाच्या वावरात हिस्सा भेटते म्हंते. नवा कायदा आला. म्हून भाऊ लोकं बहिनीच्या मागं लागून राह्यले. हक्क सोडला म्हून लिवून द्या. पह्यले आंगठा चाले, आता आंगठ्यावर वकील भांडते. सहीवर कोन भांडन?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुह्या बाबानं आत्यासाठी लुगडं आनलं का वं अजून?"

मी म्हटलं, "नाई. काऊन?"

"आनन. आमच्याकडं रीतच हाय. कागदावर न्याच्या आधी बहिनीले लुगडं घेते भाऊ. मले बी घेतलं होतं, हिरवंगार. लुगडं फाटलं, वावर गेलं, अन् माह्येर बी गेलं."

घागर डोक्यावर घेऊन मी तडक घरी आले. तेव्हापासून मी बाबांवर पाळत ठेवली. हो, पाळतच. दहा वर्षांची होते, पण पोलिसासारखी. आणि जसं पाहावं तसं दिसायला लागलं. एक दिवस मधल्या सुटीत पटवारी शाळेत आला. बाबांनी आम्हा सगळ्यांना बाहेर पिटाळलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. मी खिडकीतून पाहिलं तर टेबलावर वावरांचा नकाशा पसरलेला, आणि पटवारी बोट ठेवून काही दाखवतोय. बाबांची नजर माझ्याकडे गेली तशी त्यांनी नकाशावर हजेरीचं पुस्तक ठेवलं. घरात मोठे बाबा समोर आले की बाबांच्या हातातला कागद खिशात जायचा. माझ्या आईने विचारलं, "काय चालू हाय?" तर म्हणाले, "काई नाई." काही नाही! काही नसताना माणूस असा दचकतो का?

आणि चातुर्मासाच्या शेवटच्या पोथीला ते काय बोलले! मला शब्द न् शब्द आठवतो. "पटवाऱ्याच्या कागदावर नाव हाय, म्हून ते आपलं होत नाई. हातानं जे सोडलं, तेच आपलं. धरून ठेवलं ते मेल्यावर दुसऱ्याचंच व्हनार हाय." सगळं देऊळ मान डोलवत होतं. आत्या बायकांच्या बाजूला बसून मान डोलवत होती. मी तिच्या मांडीला टेकून बसले होते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. मनात म्हटलं, मास्तर, तुम्ही हिला सोडायला शिकवताय. आधी नाव शिकवलं, आता सोडणं शिकवताय. मोठे पोहोचलेले आहात.

मार्गशीर्ष लागला. कापूस जोरात होता. बाजाराच्या दिवशी बाबा देवळीहून आले ते बगलेत पुडकं घेऊन. आत्याच्या हातात दिलं. निळसर लुगडं, बारीक काठाचं. पंधरा वर्षांत भावाने घेतलेलं पहिलं लुगडं.

"काऊन दादा?" आत्या म्हणाली.

"सोमवारी वर्धेले जाचं हाय. शाळेले सुटी देतो. हे नेसजो." मग आवाज खाली करून म्हणाले, "अन् नाव चांगलं गिरवून ठेव."

मोठ्या बाबांना सांगितलं की बहिणीचे डोळे दाखवायला नेतो. आत्याचे डोळे! काळोखात सुईत दोरा ओवायची ती बाई! म्हणजे बाबा खोटं बोलत होते. शाळेत खोटं बोललं तर फोक, देवळात खोटं बोललं तर नरक, आणि घरात स्वतः सरळ खोटं. माझी उरलीसुरली शंका फिटली.

रविवारी सांजच्याला आत्या गोठ्यात शेण भरत होती. मी तिच्यापाशी गेले आणि म्हटलं, "आत्या, उद्या सही करू नको."

"काऊन वं?"

मी सगळं सांगितलं. नवा कायदा, हिस्सा, पटवारी, नकाशा, लुगड्याची रीत. ती ऐकत होती, हात चालूच. शेवटी म्हणाली, "दादा तसा नाई, पोरी."

मग मी माझं शेवटचं काढलं. ते बुढीने शिकवलेलं नव्हतं, माझ्याच डोक्यातलं होतं, आणि त्याचा मला गर्व होता. मी म्हटलं, "मंग तुले अ आ काऊन नाई शिकवलं? नुसतं नावच काऊन? कागदावर काय लिवलं ते तुले वाचता येऊ नये, म्हून."

आत्याचा हात थांबला.  मग म्हणाली, "जाय, हात धुऊन भाकर खाय."

सकाळी दमणी जोडून तयार. बाबांनी धुतलेलं धोतर, काळा कोट, टोपी घातलेली. मोठे बाबा आंगणात निंबाच्या काडीने दात घासत होते. आत्या बाहेर आली ती जुन्याच लुगड्यात, ठिगळाच्या. निळं लुगडं घडी केलेलं हातात होतं, ते तिने ओसरीच्या कडेला ठेवलं.

"मी नाई येत, दादा."

"काऊन?"

"नाई येत."

"मोटर चुकन. चाल लवकर."

आत्या खाली पाहून म्हणाली, "मले सही येत नाई."

मोठ्या बाबांची काडी तोंडातच थांबली. "कायची सही?"

बाबा म्हणाले, "दवाखान्यात लागते. डोळ्याच्या." मी मनात म्हटलं, पाहा! आताही खोटंच! बाबांनी आत्याकडे पाहिलं. असं पाहिलं की मला वाटलं आता ते काही बोलतील. ओठ हललेही होते. पण मोठे बाबा तिथेच उभे. बाबा वळले, बैलांच्या मानेवरचं जू त्यांनी स्वतः उतरवलं आणि कोटासकट शाळेत निघून गेले. सुटी दिलेली होती, शाळेत एक पोरगं नव्हतं. तरी गेले.

मी त्या दिवशी हवेत होते. आत्याला वाचवलं! दहा वर्षांच्या पोरीने मास्तराला हरवलं! रात्री जेवताना मी मुद्दाम तिसरी भाकर आत्याच्या ताटात टाकली. मोठ्या आईने डोळे वटारले, मीही वटारले.

त्यानंतर बाबांनी आत्यासमोर पाटी ठेवली नाही. रागावले नाहीत, विचारलं नाही. दोन-तीनदा मी त्यांना गोठ्याच्या दाराशी उभं राहिलेलं पाहिलं. आत आत्या. हे बाहेर. थोडं थांबायचे आणि परत जायचे. मला वाटलं, अजून डाव सोडला नाही यांनी. मी पहारा कमी केला नाही. गोठ्यात जाऊन बसायची, म्हणजे त्यांना एकटीशी बोलता येऊ नये. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण मी तसं केलं. मीच केलं.

चैत्र संपता संपता बाबांना परीक्षेच्या कामाला कारंज्याकडे पाठवलं. येताना मोटर मिळाली नाही, भर उन्हात चार कोस चालत आले. ऊन लागलं. कांद्याचा रस झाला, कैरीचं पन्हं झालं, देवळीचा डॉक्टर झाला. तिसऱ्या दिवशी गेले. चाळिशी सुद्धा पुरी झाली नव्हती.

तेरवीला माणूस मावत नव्हतं. पोथी ऐकणारी सगळी गावं आली. जेवणाच्या पंगती उठल्या आणि मांडवात पुरुषमंडळी बसली. मी पाण्याचा गडवा घेऊन फिरत होते. मोठे बाबा डोळे पुसत बोलत होते, आणि ते खरंच रडत होते, खोटं नाही सांगत. म्हणाले, "असा भोळा मानूस. आपल्या हिश्शातले चार एकर बहिनीच्या नावानं करून देत होता. मले पत्ता नाई! पटवाऱ्यानं मागून सांगतलं. घर फुटलंच असतं. पन बाईनंच नाई म्हटलं. ऐन टायमाले नाई म्हटलं."

पटवारी तिथेच बसला होता. म्हणाला, "कागद तयार होता. फक्त हिनं 'मले कबूल' म्हून सही कराची होती. मी म्हटलं मास्तर, आंगठा चालते. तं म्हने, आंगठा कोनीबी धरून लावून घेते. एक डाव तिची सही कागदावर चढली, का मंग उद्या तिच्या आंगठ्याचा कागद कोनी आनूच शकत नाई. म्हने, आधी नाव शिकवतो, वावर पदरात पडू दे. बाराखडी मंग जनमभर शिकवीन."

मांडवभर वा वा झाली. कोणी म्हणालं, भाऊ असावा तर असा. आणि कोणी म्हणालं, बहीण असावी तर अशी, घर फुटू नये म्हणून चार एकरांवर पाणी सोडलं! कुळाच्या इतिहासातल्या त्या दोन ओळी म्हणजे हीच थाप. 'भावाभावांत अंतर पडू नये म्हणून आत्याबाईंनी जमीन नाकारली.' पुस्तकात छापणार आहेत ते. बायका उठून मागच्या आंगणात गेल्या. आत्या भांडी घासत होती. एकीने तिचे पाय धरले. "बाई, तू तं देवी निंघाली." आत्या राखेच्या हाताने तशीच बसून राहिली. कशाबद्दल पाया पडतायत हे तिला आधी समजलंच नाही. मग त्या बाईने सगळं सांगितलं. मी दारात उभी होते. आत्याने मान वर केली नाही. परात घासत राहिली.

मी आईकडे गेले. म्हटलं, आई, आता दे ना ते वावर आत्याला, बाबा देतच होते. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिची भीती वाटली. म्हणाली, "तुमच्या तिघांच्या तोंडातला घास काढून मी आता कोनाले देऊ? मास्तर होता तवाची गोष्ट वेगळी होती." तिचंही खरं होतं. आता तीही आत्याच्याच पंगतीला बसणार होती, सगळ्यांच्या मागून.

दोन दिवस मला अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी आत्या नाल्याजवळच्या वावरात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायला गेली, सरपणासाठी. मी तिच्या मागे गेले. ऊन असं की जमीन पायाला चटके देत होती. ती वाकून एकेक पऱ्हाटी ओढत होती. मी म्हटलं, "आत्या, मीच सांगतलं होतं तुले. माह्यं चुकलं."

तिने आणखी पाच-सहा पऱ्हाट्या उपटल्या. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "कोनतं वावर होतं वं ते?"

मी म्हटलं, "हेच. पटवारी सांगत होता. नाल्यापासून त्या बाभळीपावेतो."

तिने बाभळीकडे पाहिलं. मग नाल्याकडे पाहिलं. "यात हरभरा चांगला येते," म्हणाली. "पान्याचा ओलावा राह्यते ना."

मला रडू फुटलं. मला तिने मारायला हवं होतं, शिव्या द्यायला हव्या होत्या. मी तिच्यावरच ओरडले, "मंग तू बाबाले काऊन नाई विचारलं? एक डाव तरी विचारतीस! ते सांगते ना तुले!"

"विचारनार होती," आत्या म्हणाली. "त्या राती उठली बी होती. ओसरीपावेतो गेलती. दादा जागाच होता."

"मंग?"

"मंग त्यानं पुसलं असतं, तुले हे कोन सांगतलं म्हून." ती पदराने माझं तोंड पुसायला लागली. "मले खोटं बोलता येत नाई. तुह्यं नाव सांगा लागलं असतं. अन् तुह्या हातावरचे वळ तं मीच पाह्यले होते."